कानामागची तीट

आधीच सांगून टाकतो, मी खोटा आकडा कधीच दिला नाही. कोण कोणतं रेडिओ स्टेशन ऐकतं हे मोजण्यात माझी एकवीस वर्षं गेली आणि पुण्याच्या कचेरीत मी पाठवलेला प्रत्येक आकडा खरा होता. हे फुशारकीनं सांगत नाही. पुढचं वाचलंत की कळेल.

मी नागनाथ चिट्याल, सोलापूरचा. श्रोतेमोजणी करणाऱ्या कंपनीचा इथला तपासनीस. आम्ही आकडे काढायचे, स्टेशनांनी ते मिरवायचे आणि जाहिरातदारांनी त्यावर विश्वास ठेवून जाहिराती द्यायच्या, असा एकूण कारभार. यातला विश्वास ठेवण्याचा भाग सगळ्यात अवघड होता, आणि तो का अवघड होता हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी लागलो तेव्हा डायरीची पद्धत होती. निवडलेल्या घरी एक वही द्यायची. घरातल्या प्रत्येकानं दर पाव तासाला कोणतं स्टेशन ऐकलं त्यावर खूण करायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात मी वही न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी घरातली सून एक पेन घेऊन बसायची आणि सहा जणांचा आठवडा अर्ध्या तासात उरकायची. सासरे काय ऐकतात? भजनं ऐकत असतील, टाका. साखर पेठेत एक आजोबा मार्चमध्ये वारले आणि मेअखेरपर्यंत नियमानं भजनं ऐकत राहिले. मी तसा शेरा लिहिला, तर पुण्याहून विचारणा आली की मधल्या काळात त्यांची आवड बदलली होती का!

गुडघेदुखीच्या तेलाचा कारखाना असलेल्या दोशीशेठना हा किस्सा कुठून तरी कळला होता. डायरीनं पहिला नंबर दिलेल्या कार्यक्रमात त्यांनी एक वर्षभर तेलाची जाहिरात ओतली होती आणि दुकानात तेलाला विचारायला कुत्रं आलं नव्हतं. तेव्हापासून मी दिसलो की ते स्कूटर थांबवून विचारायचे, "काय चिट्याल, तुमचे वारलेले श्रोते काय म्हणतात?"

मी हसायचो. 

मग तीट आली.

तिचं खरं नाव भलतंच लांबलचक आहे. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून कानामागे काजळाचा ठिपका लावतात, त्याला आपण तीट म्हणतो. हे यंत्र तेवढंच, काळंच, आणि चिकटवायचं तिथंच, म्हणून घरोघरी ते लावायला जाणाऱ्या आमच्या पोरींनी पहिल्याच दिवशी त्याला तीट म्हणायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या पत्रांतही तेच नाव आलं.

तिच्यामागचं शास्त्र मला फार आवडायचं. मांजर आवाजाच्या दिशेनं कान फिरवतं. आपल्या पूर्वजांनाही ते जमायचं. आपले कान कधीचेच स्थिर झाले, पण कानामागचे ते चिमुकले स्नायू अजून शिल्लक आहेत. आपण एखादा आवाज मन लावून ऐकू लागलो की ते स्नायू अजूनही कान फिरवायचा प्रयत्न करतात. कान हलत नाही, पण स्नायूंत अगदी क्षीण वीज उठते. ती वीज तीट मोजते. म्हणजे माणूस काय ऐकतो म्हणतो ते नव्हे, तर त्याचं लक्ष खरोखर आहे की नाही ते कळतं. यात खोटं बोलायची सोयच नाही, कारण तो स्नायू आपल्या ताब्यात नसतो.

दुसरा भाग स्टेशन ओळखण्याचा. प्रत्येक स्टेशन आपल्या आवाजात एक सांकेतिक खूण मिसळतं. माणसाच्या कानाला ती कळत नाही, तिटेतल्या इवल्या माइकला कळते. निवेदक गप्प बसला तरी स्टुडिओची बारीक सळसळ प्रक्षेपित होतच असते आणि खूण त्यातही असते. कायद्यानं माइकनं एवढी खूणच उचलायची, घरातले बाकीचे आवाज तिथल्या तिथं पुसून टाकायचे. कुणाच्या घरचं बोलणं कंपनीला ऐकायला नको, हे योग्यच होतं.

आणखी एक गोष्ट. लक्ष डावीकडे गेलं तर डाव्या कानामागचा स्नायू जास्त उठतो, उजवीकडे गेलं तर उजव्या. दोन्ही कानांना तीट लावली असती तर लक्ष कोणत्या दिशेला आहे हेही कळलं असतं. पण दोन तिटा लोकांना नकोशा वाटतील म्हणून कंपनीनं एकच ठेवली. रेडिओ चालू आहे आणि माणूस लक्ष देऊन ऐकतोय, तर तो रेडिओच ऐकत असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही धरून चाललो.

सोलापुरात एकशे चाळीस जणांना तीट लावली. पहिल्या महिन्याचे आकडे आले आणि स्टेशनांची पाचावर धारण बसली. रेडिओ घरोघरी चालू होता, पण ऐकत कुणीच नव्हतं. दुकानात, रिक्षात, कारखान्यात तो नुसता वाजत होता. डायरीतल्या एक नंबरच्या कार्यक्रमाला कुणाच्याही कानामागे काही हललं नव्हतं.

एक कार्यक्रम सोडून. तो माझ्या बहिणीचा होता.

पद्माक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आम्ही घरी तेलुगूच बोलतो, इथं मराठीत लिहितोय एवढंच. आमच्या आईनं जन्मभर घरी बिड्या वळल्या आणि अक्कानंही लग्न होईपर्यंत तिच्या शेजारी बसून वळल्या. म्हणून सकाळी अकरा ते एक तिचा जो कार्यक्रम असायचा त्याचं नाव 'हात चालू द्या'. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या बायकांसाठी. ती एखादी गोष्ट सांगायची, कुणाचं पत्र वाचायची, आणि मध्येच म्हणायची, "पंचवीस झाल्या असतील. बंडल बांधून घ्या, मग पुढचं सांगते." आणि खरोखर गप्प बसायची, पाऊण मिनिट, एक मिनिट. बंडलाला दोरा बांधताना मोजणी चुकते, कानात बोलणं नको असतं, हे तिला ठाऊक होतं.

रेडिओत गप्प बसणं म्हणजे महापाप. स्टेशनचा मॅनेजर निंबर्गी एकोणीस वर्षं तिच्यामागे लागला होता की ते गप्प बसणं बंद करा. आणि तिटेचे आकडे काय सांगत होते? सोलापुरातले कान सगळ्यात जास्त उभे राहतात ते अक्का गप्प बसते तेव्हा!

कंपनीच्या अर्जात एक प्रश्न असतो: आपले कोणी नातेवाईक रेडिओ स्टेशनात आहेत का? खाली पती, पत्नी, आईवडील, मुलं असे चौकोन. बहिणीचा चौकोन नव्हता. मी 'नाही' लिहिलं. हेही खरंच होतं.

आकडे पाहून निंबर्गी आठवडाभर हरखून गेला आणि मग त्याला व्हायची ती बुद्धी झाली. लोक ज्या क्षणी सगळ्यात लक्ष देतात तो क्षण मोकळा कशाला सोडायचा? त्यानं अक्काचं गप्प बसणं विकायला काढलं.

अक्का माझ्या घरी आली ती तणतणतच. "नागू, हा माणूस मला म्हणतो, तुम्ही 'बंडल बांधून घ्या' म्हणा, पुढचं आम्ही बघतो. त्या बायका हात थांबवून मोजत असतात रे! तिथं गुडघ्याचं तेल?"

"मग नाही म्हण."

"नाही म्हटलं तर कार्यक्रमच बंद. पुढच्या महिनाअखेरीला मुंबईच्या मुख्य कचेरीतून ठरणार आहे, सकाळची वेळ मला ठेवायची का नाही." ती खाली बसली. "मला दुसरं काय येतं सांग?"

मी तिला चहा दिला. ती कबूल झाली.

दोशीशेठ या वेळी स्कूटरवरून न बोलता रीतसर कचेरीत आले. बसले, टोपी काढून टेबलावर ठेवली. "चिट्याल, चेष्टा नाही. मी त्या बाईंच्या कार्यक्रमात उतरायलोय. एकदा पोळलोय मी. हे आकडे खरे हायत का?"

"शेठ, डायरीत माणसं लिहायची. इथं स्नायू लिहितो. त्याला थापा मारता येत नाहीत."

"तुम्ही स्वतः सांगायला लागलाय?"

"मी स्वतः."

ते समाधानानं गेले. आणि मी संगणक उघडून अक्काचा आकडा नेमका कुठून येतोय ते पाहायला लागलो. हे मी आधी करायला हवं होतं. एकशे चाळीस जणांत बिडी वळणाऱ्या बायका फक्त सहा होत्या. त्या सहा जणींनी शहरातल्या हजारो बायकांच्या वतीनं ऐकायचं. त्यातल्या पाच जणींचे आकडे बेताचे, इतरांपेक्षा थोडे बरे. सहावी मात्र अशी ऐकत होती की तिची रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकत होती. अक्काचा पहिला नंबर या एका बाईच्या जिवावर होता.

असा टोकाचा आकडा दिसला की तीन आठवड्यांत घरी जाऊन तपासायचं, असा नियम आहे. मी विसाव्या दिवशी गेलो.

विडी घरकुलात, बिडी कामगारांच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं घर. भूदेवी कुडक्याल, वय पंचेचाळीसच्या आसपास. बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, उजव्या हाताला फळीवर रेडिओ, डाव्या हाताला आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. मी आडनाव सांगितल्यावर तिचा चेहरा फुलला. "चिट्याल? मग आपलेच की ओ. बसा अण्णा." बोलताना तिचे हात थांबले नाहीत. पान, तंबाखू, वळण, दोरा, टोक दाबून बंद.

मी म्हणालो, "एक छोटी तपासणी करतो. दुसऱ्या कानालाही एक तीट लावू का? पाच मिनिटांसाठी."

"लावा की."

रेडिओवर अक्का कुणाच्या तरी लेकीच्या बारशाचं सांगत होती. माझ्या हातातल्या संगणकाच्या पाटीवर दोन रेघा उमटू लागल्या. उजव्या कानाची, म्हणजे रेडिओच्या बाजूची, जमिनीला टेकलेली. डाव्या कानाची थरथरत वर चढलेली. अक्का म्हणाली, "बंडल बांधून घ्या," आणि लगेच गुडघ्याच्या तेलाचं गाणं सुरू झालं. डावी रेघ टोकाला गेली. तिच्या उसळीनं उजवी थोडी हलली तेवढंच.

म्हणजे ती रेडिओ ऐकतच नव्हती. आम्ही नुसत्या डाव्या कानाला तीट लावली होती आणि आतल्या खोलीकडे लागलेलं ते प्रचंड लक्ष आम्हाला रेडिओचा सोलापुरातला उच्चांक वाटत होतं.

"तिकडं काय ऐकता?" मी दाराकडे बोट दाखवून विचारलं.

"आमच्या मालकांचा श्वास ओ, दुसरं काय." तिनं सहज सांगितलं. "चाळीस वर्षं लूमवर होते. सूत सगळं छातीत बसलं. रातभर खोकतात, दिवसा झोपतात. झोपेत मधनंच श्वास थांबतो. डॉक्टर म्हणाले, थांबला की उठवून बसवायचं, पाठ चोळायची, परत चालू होतो. दिवसातनं चार-पाच वेळा करते मी."

"त्याला यंत्र मिळतं की. बोटाला लावायचं."

"होतं. सारखं टीं टीं करायचं. त्यांनी काढून फेकलं."

"मग रेडिओ बंद ठेवत जा."

"बंद केला की दचकून जागे होतात. जन्म लूमच्या आवाजात गेला ना. एकदम गप झालं की वाटतं मिल बंद पडली." ती हसली. "आणि त्या बाई छान होत्या. बोलायच्या, मग गप बसायच्या. मालकांना झोप लागायची आणि मला तेवढ्यात श्वास ऐकून घेता यायचा. आता मात्र गपच बसत नाहीत." हातातलं बंडल बाजूला ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच आलाय म्हणून विचारते अण्णा. रेडिओ थोडा बारीक करू का? जाहिरात लागली की ऐकूच येत नाही मला. पण तुमच्या पोरी सांगून गेल्यात, जसं नेहमी ऐकता तसंच ऐका, काही बदल करू नका. म्हणून हात नाही लावला."

इथं तुम्हाला एक गोष्ट माहीत असायला हवी. बिडी वळणाऱ्या बाईचं सगळं आयुष्य तपासनिसाच्या हातात असतं. कारखान्यात माल घेऊन गेली की तो सुपातल्या बिड्या चाळतो आणि मनाला येईल तेवढ्या छाट म्हणून बाजूला फेकतो. त्याच्याशी वाद घालायचा नाही, तो सांगेल तसं वळायचं, हे ती आईकडून शिकलेली असते. माझी आईही अशीच होती. भूदेवीच्या लेखी मीही तपासनीसच होतो. मी 'बंद करा' म्हणालो असतो तर तिनं बंद केला असता.

महिनाअखेरीला अकरा दिवस उरले होते. तिनं रेडिओ बारीक केला असता तर तिटेला खूण सापडली नसती, तिचं लक्ष अक्काच्या नावावर मोजलं गेलं नसतं आणि अक्काची वेळ गेली असती. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. मला ते नीट आठवतं, त्यामुळे नकळत झालं असं म्हणायची सोय मला नाही.

"एवढा महिना जाऊ द्या," मी म्हणालो. "आहे तसंच असू द्या. मग बघू."

"बरं अण्णा. तुम्ही सांगाल तसं."

मी तपासणीच्या रकान्यात लिहिलं: भेट दिली. तीट योग्य जागी. श्रोता रेडिओजवळ बसलेला. शब्द न् शब्द खरा.

त्यानंतरच्या गुरुवारची ही गोष्ट. शुक्रवारी सकाळी पुण्याहून फोन. तिकडचा पोरगा उत्साहानं नुसता उडत होता. "सर, तुमच्याकडं काल मोजपट्टीच संपली! अकरा बावन्नला. सत्तर सेकंद सलग सर्वोच्च पातळी. देशभरात कुठल्याही जाहिरातीला असं लक्ष मिळालेलं नाही. तेलाची जाहिरात होती. काय आहे त्या जाहिरातीत?"

मी रेघ उघडली. अकरा बावन्न, अक्का गप्प बसली, जाहिरात सुरू झाली. रेघ चढली आणि पडद्याच्या कडेला जाऊन तशीच सरळ राहिली. सत्तर सेकंद. मग एकदम तुटली. बाई उठली होती. त्यानंतर संध्याकाळपर्यंत रेडिओची खूण येत होती आणि रेघ शून्यावर होती. रेडिओ वाजत राहिला होता आणि त्या घरातलं कुणीच कशाकडे कान देत नव्हतं.

मला कुणी फोन करून कळवायची गरज उरली नाही. 

दुपारी दोशीशेठ पेढे घेऊन आले. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती. "सोलापूरनं कान टवकारले म्हणे! चिट्याल, मी उगाच संशय घेतला तुमच्यावर. पण एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या. खरंय ना?"

मी त्यांना सगळं सांगितलं. एक बाई, तिचा नवरा, डावा कान, सत्तर सेकंद.  शेठनी पेढ्यांच्या खोक्यावरचा हात काढून घेतला.

"म्हणजे माझी जाहिरात वाजत होती तेव्हा..."

"हो."

"आणि ती ऐकायचा प्रयत्न करत होती."

"हो."

त्यांनी टोपी घातली. "हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ते म्हणाले आणि खोकं तिथंच टाकून गेले. मी दिलेल्या आकड्यांबद्दल इतकी वर्षं खरं काय ते विचारणारा एवढा एकच माणूस होता.

त्याच संध्याकाळी मी अक्काकडे गेलो. ती आनंदात असणार हे ठाऊक होतं. होतीच. मुंबईहून तिला वेळ पक्की झाल्याचं कळलं होतं. मी बोलत गेलो तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"किती दिवसांपूर्वी गेला होतास तू तिच्याकडे?"

"आठ-नऊ."

"आणि तुला कळलं होतं."

"अक्का, तुझा कार्यक्रम गेला असता."

"माझ्यासाठी केलंस असं म्हणू नकोस." ती ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. "मला विचारलं होतंस? त्या दिवशी संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाला असतास, अक्का, एक बाई आहे, तिच्यासाठी अर्धा मिनिट गप्प बस. मी निंबर्गीच्या तोंडावर कार्यक्रम फेकून बसले असते रे. आई असती तर तुझ्या थोबाडीत दिली असती तिनं."

दुसऱ्या दिवशी ती स्टेशनवर गेली आणि राजीनामा देऊन आली. आता अकरा वाजता तिथं एक पोरगा एकोणीस जाहिराती आणि तीन गाणी वाजवतो. अक्का माझा फोन उचलत नाही.

मी पुण्याला सविस्तर पत्र लिहिलं, दोन रेघांसकट. उत्तर आलं की एका श्रोत्यावरून पद्धतीला दोष देता येत नाही, आणि दुसऱ्या कानाला तीट लावणं हा प्रक्रियेचा भंग आहे. शिवाय कंपनीचं साहित्य परत आणावं.

तेरावा झाल्यावर मी ती तीट आणायला गेलो. दार उघडलं ते भूदेवीच्या मुलीनं. स्वरूपा नाव, हैदराबादला दिलेली. डोळे सुजलेले, पण बोलणं तोडून. "ते यंत्र ना? देते." आत जाऊन कागदाच्या पुडीत बांधलेली तीट घेऊन आली. भूदेवी पूर्वीच्याच जागी बसली होती, मांडीवर सूप होतं, पण हात चालत नव्हते. रेडिओ बंद होता. आतल्या खोलीचं दार सताड उघडं.

"बसा अण्णा," ती म्हणाली. मी बसलो.

"अण्णा, एक विचारते. त्या दिवशी माझ्याकडनं काही बिघडलं का तुमचं? मी रेडिओला हात नाही लावला. सांगितलं तसंच ठेवलं."

"काही बिघडलं नाही."

"नाही, ही म्हणते..." तिनं मुलीकडे पाहिलं आणि थांबली.

स्वरूपा फटकन बोलली. "मी एवढंच म्हणाले की तुझा डोळा लागला असेल. रातभर जागायची, दिवसा काम. कुणाचाही लागला असता. तरी तिथनं चार हातांवर बसून कळत नाही म्हणजे काय? दुसरं काय समजायचं मी?"

"मला वाटतं मी जागी होते," भूदेवी म्हणाली. "जाहिरात लागली आणि मला वाटलं श्वास ऐकू येत नाही. मग वाटलं, येतोय. जाहिरात संपेस्तोवर कान देऊन बसले. असंच आठवतंय मला. पण आता बारा दिवस ही म्हणायलीय तर मलाच खात्री वाटेना. स्वप्नात पण असं होतं ना? तुमच्या यंत्रात कळतं का ओ काही?"

श्रोत्याला त्याचा आकडा दाखवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी पिशवीतून पाटी काढली आणि तो गुरुवार उघडून दोघींच्या मध्ये ठेवला.

"ही सकाळ. ही तुमची रेघ. माणसाला डुलकी लागली की ही खाली जमिनीला टेकते. सकाळपासून एकदाही टेकलेली नाही, हे बघा. हे अकरा बावन्न. इथनं ती वर गेली आणि सत्तर सेकंद वरच होती." मी रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. "हे यंत्र देशभर हजारो माणसांना लावलंय. इतकं कान देऊन आजवर कुणीच कधी ऐकलेलं नाही. तुमची आई झोपली नव्हती."

स्वरूपानं पाटी हातात घेतली. तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग पाटी खाली ठेवून आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. "अम्मा, माझं चुकलं," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. भूदेवी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी तेवढ्यात उठलो असतो तर मला कुणी अडवलं नसतं. पुडी खिशात होती, चपला दाराशी होत्या. खरंच सांगतो, मी अर्धा उठलोही होतो.

"मग मला ऐकू का नाही आलं अण्णा?" भूदेवीनं विचारलं. तिला खरोखरच ते समजून घ्यायचं होतं.

मी परत खाली बसलो.

"रेडिओच्या आवाजानं," मी म्हणालो. "तुम्ही मला विचारलं होतं, बारीक करू का म्हणून. तुमचं लक्ष श्वासाकडे असतं हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी नको म्हणालो. कंपनीच्या नियमासाठी नाही. तो कार्यक्रम माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे, तो बंद पडू नये म्हणून."

स्वरूपानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती काय बोलेल त्याची मी वाट पाहत होतो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या, बरंच वाटलं असतं. पण भूदेवीनं तिला बोलू दिलं नाही. तिनं मुलीची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "मी जागी होते."

त्यानंतर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी चपला घालून बाहेर पडलो तोवर ती मुलीला तेच सांगत होती.